गाडी घाटात तापते, गॅरेजवाला दरवेळी नवीन पार्ट सांगतो! मदत हवी आहे

मंडळी, गाडीपेक्षा माझं डोकं जास्त तापलंय. जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. पुण्यात फिरवा, काही नाही. खंबाटकी चढताना एसी चालू असला की काटा लाल खुणेकडे सरकतो. एसी बंद करून हीटर लावला की खाली येतो. (मे महिन्यात हीटर! सासूबाई मागे पदराने वारा घेत बसल्या, चकार शब्द काढला नाही. तेच जास्त लागलं.)

गॅरेजवाल्याने आधी थर्मोस्टॅट बदलला, मग रेडिएटरचं झाकण. आता म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलंय, इंजिन उघडावं लागेल. पण त्याच्या नेहमीच्या खुणा दिसत नाहीत: डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी) ऑइल दुधाळ नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं हिरवट द्रव) मात्र कमी होतं आणि सकाळी वॉटर पंपाच्या खाली फरशीवर हिरवट थेंब दिसतात. फोटो दाखवला तर म्हणे, "एसीचं पाणी असेल मॅडम." एसीचं पाणी हिरवं कधीपासून?

इंजिन उघडण्याआधी कूलिंगची प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधतात ती) करायला लावू ना? वॉटर पंप बदलायला साधारण किती पैसे लागतात? कोथरूड-वारजे भागात काढलेला जुना पार्ट हातात देणारा मेकॅनिक असेल तर प्लीज सांगा. शनिवारी साताऱ्याला लग्न आहे.