छद्मविज्ञान की विज्ञानाभास? आणि 'क्रँक'ला काय म्हणायचं?

अर्धविराम:
एका लेखाचं भाषांतर करतेय आणि दोन शब्दांपाशी अडलेय. 'स्यूडोसायन्स'ला 'छद्मविज्ञान' रूढ आहे, तेच वापरते. पण 'क्रँक'ला काय? कंपास-पट्टीनं कोनाचे तीन समान भाग केल्याचा दावा करणारा, आइनस्टाइन कुठे चुकला हे चाळीस पानी पत्रातून कळवणारा, असा माणूस. मी 'भोंदू' लिहिलं. संपादकांनी समासात शेरा मारला, 'हा फसवतोय कुणाला?' मुद्दा बरोबर आहे. शब्द सुचवा.

काना-मात्रा:
'छद्मविज्ञान'ही इतक्या सहज घेऊ नका. छद्म म्हणजे सोंग, कपट. संस्कृत 'छद्', झाकणे, त्यावरून. आच्छादन, छत्र ही त्याचीच भावंडं. रोजच्या मराठीत हा शब्द आता 'छद्मी हसणे' एवढ्यापुरताच उरलाय, आणि छद्मी हसणाऱ्याच्या पोटात काय असतं हे सांगायला नको. मग 'छद्मविज्ञान' म्हटलं की कुणीतरी जाणूनबुजून सोंग आणलंय असंच वाटतं.

माझं मत 'विज्ञानाभास'ला. न्यायशास्त्रात, म्हणजे तर्कशास्त्रात, 'हेत्वाभास' आहेच: हेतूसारखा (तिथे हेतू म्हणजे अनुमानाला दिलेलं कारण) दिसतो, पण हेतू नव्हे. काव्यशास्त्रात 'रसाभास'. आभासात कुणाच्या दानतीवर शंका नाही. फ्रान्समधल्या नान्सी शहरात १९०३ साली ब्लाँदलो यांनी 'एन-किरण' सापडल्याचं जाहीर केलं. चांगले नावाजलेले भौतिकशास्त्रज्ञ होते ते. इतरही अनेकांना मग ते किरण दिसू लागले. १९०४ मध्ये रॉबर्ट वूड हा अमेरिकन प्रयोग बघायला गेला. खोलीत अंधार. ज्याच्याशिवाय ते किरण दिसूच नयेत तो उपकरणातला ॲल्युमिनियमचा लोलक (प्रिझम) त्यानं गुपचूप काढून घेतला, तरी निरीक्षणं आपली येतच राहिली! यात छद्म कुठे आहे?

कोनमापक:
एन-किरणांचं उदाहरण इथे बसत नाही. ती विज्ञानातली चूक होती आणि वूडनं ती छापल्यावर थोड्याच वर्षांत विषय मिटला. विज्ञानाभास मिटत नाही, उलट दर वेळी नवा खुलासा घेऊन येतो. 'विज्ञानाभास' शब्दाला मात्र माझंही अनुमोदन.

आता क्रँक. हे गिऱ्हाईक माझ्या ओळखीचं, कारण मी गणित शिकवतो. खुणा नसलेली पट्टी आणि कंपास एवढ्यावर वाटेल त्या कोनाचे तीन समान भाग करून देणारी रीत असूच शकत नाही (काटकोनासारखे काही कोन जमतात, साठ अंशांचा नाही), हे वांत्झेल यांनी १८३७ मध्ये सिद्ध केलं. त्याच साधनांनी वर्तुळाइतक्या क्षेत्रफळाचा चौरस काढता येत नाही, हे लिंडेमन यांच्या १८८२ मधल्या सिद्धतेवरून ठरलं. पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं तर १७७५ मध्येच असले कागद तपासणार नाही म्हणून हात जोडले होते. तरी वह्या येतात. एका सद्गृहस्थांची आकृती मी मोजली. साठ अंशांचा एक तृतीयांश विसाच्या इतका जवळ आला होता की पेन्सिलीच्या जाडीत फरक लपत होता. 'कोनमापक लावून बघा, बरोबर येतं की नाही?' हाच त्यांचा पुरावा. मी चूक दाखवली. आठवड्यात सुधारित आवृत्ती हजर, वर माझे आभार.

त्यांना भोंदू म्हणवत नाही. 'चक्रम' म्हणजे डोकं ठिकाणावर नसलेला; यांचं ठिकाणावर असतं, फक्त एकाच. 'विक्षिप्त', 'तऱ्हेवाईक' हे वागण्याबद्दल झालं. 'छांदिष्ट' फार लाडिक. 'एककल्ली' जवळ जातो, पण वेगेनरही एककल्लीच होता म्हणा ना, १९१२ पासून खंडं सरकतात हेच सांगत राहिला आणि बरोबर निघाला. (क्रँक मंडळींना हे उदाहरण तोंडपाठ असतं. हसं झालं पण चुकलेलेच होते अशांची यादी ते ठेवत नाहीत.) नेमकी खूण एकच: चूक दाखवली तरी हलत नाही. म्हणून हठयोगीच्या चालीवर 'हठसिद्धांती' कसा वाटतो?

खोडरबर:
हठसिद्धांती! घेतला. पण या लोकांवर विश्वास का बसतो, त्यात आपल्या भाषेचाही हात आहे. 'शास्त्र' शब्द बघा. खगोलशास्त्र आणि ज्योतिषशास्त्र, दोघांना शेपूट एकच. संख्याशास्त्र म्हणजे स्टॅटिस्टिक्स, आणि अंकशास्त्र म्हणजे नावाची स्पेलिंग बदलून नशीब बदलणं. शब्दाचा अर्थ बघितला तर फरक शून्य! 'शास्त्र असतं ते' असं कुणी म्हटलं की नियम सांगतोय, रूढी सांगतोय की सरळ थट्टा करतोय, हे आवाजावरून ओळखायचं.

दुसरी जोडी मला जास्त महत्त्वाची वाटते: 'पडताळा येणे' आणि 'पडताळणे'. पडताळा आपोआप येतो, पडताळायला मात्र आपल्याला बसावं लागतं. फोरर या मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हाती त्याचं 'खास' वर्णन दिलं. तुम्ही स्वतःवर जरा जास्तच टीका करता, तुमची बरीच क्षमता वापराविना पडून आहे, अशी वाक्यं. वर्णन किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायचे होते. सरासरी आली ४.२६. मग त्यानं उघड केलं की कागद सगळ्यांना एकच होता, आणि मजकूर बहुतेक भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. पडताळा सगळ्यांना आला. शेजाऱ्याचा कागद ओढून बघणं, हे झालं पडताळणं.

काना-मात्रा:
वा. यात 'गुण येणे'ही घाला. 'औषधानं गुण आला' या वाक्यात कार्यकारणभाव आधीच गृहीत धरलेला असतो. दुखणं आपसूक उतरायच्या बेतात होतं का, हे विचारायला व्याकरणात जागाच नाही. गंमत म्हणजे त्यावरचा उताराही भाषेतच आहे: काकतालीय न्याय, किंवा साध्या मराठीत कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पण ही म्हण आपण दुसऱ्याच्या अनुभवाला लावतो.

कोनमापक:
स्वतःच्या फांदीवर बसलेला कावळा म्हणजे साक्षात प्रचिती.

अर्धविराम:
शीर्षकात 'विज्ञानाभास' घेते. 'छद्मविज्ञान' फक्त जिथे खरोखर लबाडी आहे तिथे, आणि तिथल्या माणसाला खुशाल 'भोंदू'. 'हठसिद्धांती' अवतरणात टाकून बघते, संपादक काय म्हणतात ते कळेलच. स्त्रीलिंगीही तसाच राहील ना?

कोनमापक:
राहील. वापरायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. वह्या आल्या त्या सगळ्या पुरुषांच्या.