मदत हवी आहे: एलियास फ्रीसवरचं प्रदर्शन, अळंब्यांच्या पाट्या आणि मांडणी

नमस्कार मंडळी,

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात आहे. श्रावणात आमच्याकडे विज्ञान मंडळाचं छोटं प्रदर्शन भरतं. यंदा मुलांनी अळंब्या गोळा करायला घेतल्या आणि पाट्या लिहिताना जवळजवळ प्रत्येक नावामागे, नाव देणाऱ्याच्या जागी, 'फ्र.' हे एकच संक्षिप्त रूप येऊ लागलं. हा कोण, असं मुलांनी विचारलं आणि प्रदर्शनाचा विषयच तो झाला: स्वीडनचा एलियास माग्नुस फ्रीस (१७९४–१८७८).

आमच्या पाठ्यपुस्तकांत या माणसाला एक ओळसुद्धा मिळत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. स्मोलांड प्रांतातल्या फेमशो गावच्या पाद्र्याचा हा मुलगा. बाराव्या वर्षी आईबरोबर स्ट्रॉबेरी वेचायला रानात गेला असताना त्याला पोवळ्यासारखी फांद्या फुटलेली एक मोठी पांढरी बुरशी दिसली आणि तिथून त्याला नाद लागला. हाताशी पुस्तकं नव्हती, म्हणून ओळखीच्या अळंब्यांना तो स्वतःच तात्पुरती नावं द्यायचा. पुढे लुंडला शिकला, तिथेच शिकवायला लागला आणि १८२१ ते १८३२ या काळात बुरशींच्या वर्गीकरणावरच्या 'सिस्टेमा मायकोलॉजिकम' या ग्रंथाचे तीन खंड काढले. १८३४ मध्ये उप्सालाला प्राध्यापक म्हणून गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

त्याच्या पद्धतीतली मुलांना भावलेली गोष्ट म्हणजे ती डोळ्यांनी करता येते. आधी टोपीच्या खालची बाजू बघायची: गिल्स (पातळ पडद्यांच्या रांगा) आहेत, छिद्रं आहेत, दात आहेत की नुसतंच गुळगुळीत आहे. गिल्स असतील तर बीजाणूंचा रंग बघायचा. त्याच्या मांडणीतून पुढे रुळलेले गट पाच: पांढरा, गुलाबी, तपकिरी, जांभळट तपकिरी आणि काळा. आम्ही देठ कापून टोपी अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पालथी घालतो, वर पाण्याचा एक थेंब सोडतो आणि काचेचा पेला उपडा ठेवतो. सकाळी पेला उचलला की गिल्सची रेघन् रेघ कागदावर उमटलेली असते. धिंगरी अळंबीचा (ऑयस्टर मशरूमचा) ठसा पांढऱ्या कागदावर दिसेना, काळ्या अर्ध्यावर मात्र लख्ख दिसला. दोन रंगांचा कागद का, हे त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही.

आता माझ्या अडचणी.

पहिली पाटीची. धिंगरीच्या नावापुढे एका ठिकाणी '(जॅक.) पी. कुम.' असं आहे, दुसरीकडे '(जॅक. : फ्र.) पी. कुम.' मधलं ते विसर्गासारखं चिन्ह कशासाठी? ठेवू की काढू? मुलं विचारणारच.

दुसरी अडचण मोठी आहे. आमच्याकडे माळरानावर, वारुळांच्या आसपास एक उंच, खवल्यांची, मिटलेल्या छत्रीसारखी बुरशी येते. ती पोडॅक्सिस पिस्टिलारिस आहे हे विद्यापीठातल्या एका सरांकडून नक्की करून घेतलंय. तिच्या नावाच्या शेवटीही फ्रीसच आहे. फ्रीसच्या हिशेबाने ती पफबॉलच्या (चेंडूसारख्या बुरशींच्या) टेबलावर जाते, कारण पूड आतच बंद असते. पण आजची वर्गीकरणं बघितली तर तिचं कुळ शाईछत्रीचं, कोप्रिनस कोमाटसचं, आणि ती तर माझ्या काळ्या ठशांच्या टेबलावर आहे! मांडणी फ्रीसची ठेवू की आजची? फ्रीसची ठेवली तर मुलं चुकीचं शिकतील, आजची ठेवली तर प्रदर्शनात फ्रीस उरतच नाही.

तिसरी: मैदानातल्या हिरवळीवर आलेल्या मोठ्या पांढऱ्या अळंबीने चक्क हिरवट ठसा दिला. पाच रंगांत हिरवा नाही. हा कुठे ठेवायचा?

चौथी: पावसाळी दमटपणाने ठशांच्या कागदांवर बुरशी चढतेय. टिकवायचे कसे?

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

मॅडम, विषय फार छान निवडलात. क्रमाने लिहितो.

ते चिन्ह विसर्ग नाही, अपूर्णविराम आहे आणि त्याला इतिहास आहे. १९१० च्या ब्रुसेल्सच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत असं ठरलं की बहुतेक बुरशींच्या नावांची सुरुवात १ जानेवारी १८२१ पासून, म्हणजे फ्रीसच्या पहिल्या खंडापासून धरायची. तांबेरा, काणी आणि पफबॉल यांच्यासाठी मात्र पर्सून या आधीच्या बुरशीतज्ज्ञाचं १८०१ चं पुस्तक धरलं. १९८१ मध्ये सिडनीच्या परिषदेने ही सुरुवात मागे नेऊन वनस्पतींप्रमाणेच लिनियसच्या १७५३ वर ठेवली. पण मग फ्रीसने रुळवलेली असंख्य नावं जुन्या, विसरलेल्या नावांमुळे मागे पडली असती. म्हणून फ्रीस आणि पर्सून यांनी त्या ग्रंथांत स्वीकारलेल्या नावांना संरक्षण दिलं. त्यांना मंजूर नावं म्हणतात आणि ': फ्र.' ही त्या मंजुरीची खूण. लिहिलीच पाहिजे असं बंधन नाही. तुमच्या प्रदर्शनात मात्र ती जरूर ठेवा, फ्रीसचा अधिकार तिथेच दिसतो.

धिंगरीची पाटी आता सहज वाचता येईल. जॅक्विनने १७७४ मध्ये तिला अगॅरिकस म्हणून नोंदवलं, फ्रीसने १८२१ मध्ये ते नाव स्वीकारलं, कुमरने १८७१ मध्ये तिला प्लुरोटस प्रजातीत हलवलं. आणि मुलांना हेही सांगा: फ्रीसचा अगॅरिकस अवाढव्य होता, बहुतेक गिल्सवाल्या अळंब्या त्यातच. आत त्याने पोटगट पाडले होते आणि प्लुरोटस त्यांतलाच एक. कुमरने अशा पोटगटांना प्रजातीचा दर्जा दिला. म्हणजे कंसाबाहेर नाव कुमरचं असलं तरी गट ओळखणारी नजर फ्रीसचीच.

एक बारीक सूचना. पाट्यांवर 'फ्र.' आणि 'टीएच. फ्र.' यांची सरमिसळ होऊ देऊ नका. दुसरा त्याचा मुलगा थिओडोर, दगडफुलांचा अभ्यासक.

पोडॅक्सिसबद्दल: तिचं नाव लिनियसने १७७१ मध्ये ठेवलं, तेही भारतातून वनस्पतिशास्त्रज्ञ कोनिगने पाठवलेल्या नमुन्यावरून, आणि फ्रीसने १८२९ मध्ये आजच्या प्रजातीत बसवलं. तुमच्या माळावरच्या बुरशीची पाटी भारत आणि स्वीडन दोन्हीकडे जाते, हे ठळक लिहा.

मांडणी फ्रीसचीच ठेवा असं माझं स्पष्ट मत आहे. तो सूक्ष्मदर्शकावर फारसा विसंबला नाही आणि त्याबद्दल त्याच्यावर टीकाही झाली. पण त्यामुळेच त्याची पद्धत मुलांना स्वतः करून बघता येते. आजचं नातं दाखवायला टेबलांवरून लाल दोरा ताणा: पोडॅक्सिसपासून शाईछत्रीपर्यंत, तिथून बाजारातल्या बटण अळंबीपर्यंत. या तिघी आज एकाच कुळात, अगॅरिकेसीत आहेत. बटण अळंबी मात्र टोपी उघडलेली बघून आणा, मिटलेली ठसा देत नाही. तिचा ठसा जांभळट तपकिरी येतो.

हिरव्या ठशाचं उत्तर त्याच दोऱ्यावर आहे. वर्णनावरून ती क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस वाटते, तीही अगॅरिकेसीतलीच. दक्षिण अमेरिकेतल्या नमुन्यावरून मेयरने तिचं वर्णन १८१८ मध्ये केलं आणि मॅसीने १८९८ मध्ये तिच्यासाठी वेगळी प्रजात काढली. फ्रीसचे पाच रंग मुख्यतः युरोपातल्या रानांवर बेतलेले, उष्ण प्रदेशातल्या हिरवळीने सहावा आणला. तिच्यासाठी वेगळं सहावं टेबल मांडा. आणि ती विषारी आहे. कोवळेपणी गिल्स पांढऱ्या असतात, नंतर हिरवट होतात, म्हणून लोक फसतात. खाल्ली की जोराच्या उलट्या-जुलाब होतात. हाताळल्यावर मुलांना हात धुवायला लावा आणि पाटीवर लाल शाईने लिहा.

प्रतिसाद

ठशांसाठी: कागद पूर्ण वाळू द्या, मग हातभर अंतरावरून चित्रकलेचा फिक्सेटिव्ह स्प्रे हलका मारा. जवळून मारला तर पूड उडते. फिक्सेटिव्ह नसेल तर हेअर स्प्रेही चालतो. पण प्रत्येक प्रकाराचा एक ठसा स्प्रे न मारता, घडी घातलेल्या कागदात सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली बघायला तोच उपयोगी.

फ्रीसचे खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, लॅटिनमध्ये. पहिल्या खंडातलं एखादं पान छापून लावा. नावं तपासायला इंडेक्स फंगोरम ही बुरशींच्या नावांची ऑनलाइन सूची बघा.

शिवाय वाळक्या लाकडावर येणारी शायझोफायलम कम्यून नक्की ठेवा. तिची पाटी नुसती 'फ्र.' आहे, १८१५, म्हणजे फ्रीस जेमतेम विशीचा. वाळली की फाटलेल्या गिल्स आत वळतात, पाणी शिंपडलं की पुन्हा उघडतात. पाहुण्यांच्या हातात पाण्याची बाटली द्या.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार! लाल दोऱ्याची कल्पना मुलांना इतकी आवडली की त्यांनी आताच रीळ आणून ठेवलंय. हिरव्या ठशाची पाटी आज लावली आणि शिपाईमामांनाही सांगून ठेवलंय, कारण मैदानातल्या अळंब्या कुणी घरी नेऊ नयेत.

फक्त गुलाबी टेबल रिकामं आहे. भाताच्या पेंढ्यावर येणारी व्होल्व्हारिएला गुलाबी ठसा देते असं वाचलंय, पण आमच्याकडे भात नाही. वाई, जावळी किंवा पाटणकडचं कुणी ताज्या ठशाचा कागद पाठवू शकेल का? टपालखर्च आम्ही देऊ. व्यक्तिगत निरोप करा.