'जळकुकडा' की 'वात्रट'?

तलावपाळी: आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या गणपतीत मुलांचं नाटुकलं बसवतोय, जुन्या कार्टूनमधल्या पात्रांचं. निवेदनात प्रत्येक नावामागे एकच विशेषण हवंय. डॅफी डकपाशी गाडी अडली. मी 'जळकुकडा' लिहिलं, बायको म्हणते 'वात्रट'.

नौपाडा: समोर कोण आहे ते सांगा, मग शब्द सांगते. १९३७ साली डॅफी पहिल्यांदा आला तेव्हा समोर बंदूक घेतलेला पोर्की पिग होता. तिथे तो निव्वळ वात्रट. खिदळतो, पाण्यावर उड्या मारत पळतो, कुणावर जळण्याचा प्रश्नच नाही. १९५१ च्या 'रॅबिट फायर'मध्ये दिग्दर्शक चक जोन्सने त्याला बग्ज बनी या सशासमोर उभं केलं आणि बदकाचा जळफळाट सुरू झाला. 'सीझन सशाचा!' 'सीझन बदकाचा!' अशी शिकारीच्या हंगामावरून हमरीतुमरी चाललेली असते. बग्ज मध्येच हळूच बाजू बदलून 'सशाचा' म्हणतो. डॅफी सवयीने उलट ओरडतो, 'बदकाचा! झाड गोळी!' शिकारी एल्मर झाडतो. चोच भलतीकडे.

घणसोली: हा तर हावरटपणा झाला ना?

नौपाडा: नाही हो. हावरटाला वस्तू हवी असते. जळकुकड्याला दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही. 'अली बाबा बनी'त खजिना दिसल्यावर तो हावरट होतो, तिथे तुमचा शब्द चपखल बसेल.

तलावपाळी: आणि कोल्होबा? मी 'दीडशहाणा' लिहिलंय.

घणसोली: रोडरनर पक्ष्याच्या मागे धावतो तेव्हा तो चकार शब्द काढत नाही. दीडशहाणा ठरायला माणसाने तोंड उघडायला हवं! तिथे 'चिवट' म्हणा. १९५२ च्या 'ऑपरेशन: रॅबिट'मध्ये मात्र बग्जला स्वतःची ओळख 'जीनियस' अशी करून देतो. तिथे दीडशहाणा, शंभर टक्के.

तलावपाळी: सिल्वेस्टर बोका ट्वीटीला बघून लाळ गाळतो, म्हणून 'लाळघोट्या'?

नौपाडा: अरे देवा, नको! लाळघोट्या म्हणजे खुशमस्कऱ्या, साहेबाच्या पुढेपुढे करणारा. बोक्याला 'अधाशी' चालेल. तोही ट्वीटीपुरताच. स्वतःच्या पोरासमोर तो बढाईखोर बाप असतो. कांगारूच्या पिल्लाला भलामोठा उंदीर समजून मार खातो, आणि पोरगं लाजेने डोक्यावर कागदी पिशवी ओढून घेतं. मला तर ट्वीटीपेक्षा हीच जोडी जास्त आवडते.

घणसोली: बग्जला सरसकट 'मिश्कील' लिहू नका हं. १९४१ च्या एका शर्यतीत कासव त्याला हरवतं, तेव्हा तो इतका चरफडतो की डॅफी परवडला.

तलावपाळी: आमच्याकडे कासव नाही, मिश्कीलच ठेवतो. पोर्की व्हायला एकही पोरगं तयार नाही, त्यामुळे वात्रट आपोआप बाद. डॅफी जळकुकडाच. घरी कसं सांगायचं तेवढं बघतो.