कार्डाचं देणं बाबांच्या पीएफमधून फेडू का?

भांडुपकर:
वय २६, पगार हातात ३१ हजार. क्रेडिट कार्डाचे ८४ हजार थकलेत. आठ महिने नुसता मिनिमम ड्यू, म्हणजे बँक मागते ती किमान रक्कम, भरतोय, आकडा हलत नाही. बाबा नुकतेच रिटायर झाले. म्हणतात, "पीएफमधले घे आणि मोकळा हो." पोस्टात माझी महिना १२०० रुपयांची आरडी (आवर्ती ठेव) आहे, चौथं वर्ष चालू, पन्नास हजार जमलेत. ती मोडवत नाही. काय करू?

ठाणे लोकल:
आरडी मोड. पोस्ट वर्षाला सहा-सात टक्के देतं, कार्ड महिन्याला तीन-साडेतीन घेतं. तीन वर्षं झाली की आरडी मुदतीआधी बंद करता येते, व्याज मात्र बचत खात्याच्या दराने मिळतं. आणि कार्ड आजपासून बंद. थकबाकी असताना नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

लालबागची लेक:
बाबांच्या पैशाला हात लावू नकोस रे.
१९८२च्या गिरणी संपात माझे वडील घरी बसले. गणपती आले तरी भोंगा वाजला नाही. आजोबा गावची जमीन विकायला निघाले, आई नको म्हणाली. तिने खानावळ घातली, गोदीतले अकरा जण जेवायला. भांड्यांसाठी मंगळसूत्र गहाण पडलं होतं, गळ्यात नुसती काळी पोत. प्रेमा पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाने अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, त्यातून ते सोडवलं. हप्ता बाजूला काढल्याशिवाय तेल आणायची नाही. आम्ही कितीदा बिनफोडणीचं वरण जेवलो. पासबुक तांदळाच्या डब्यात असायचं, उघडलं की बोटांना बोरिक पावडर लागायची.
गिरगावात १९५९ला सात बायकांनी लिज्जत पापड सुरू केला, तोही ८० रुपये उसने घेऊन. देणगी मात्र घ्यायची नाही, असं ठरवलं. उसनं घेण्यात कमीपणा नाही, पण ते आपल्या घामातून फिटायला हवं. वडिलांचं म्हातारपण तुझ्या कार्डाला तारण नाही.
आरडी मोड, उरलेल्याचे बँकेकडून हप्ते करून घे.

भांडुपकर:
काकू, आज पोस्टात फॉर्म दिला. पासबुक बाबांनीच शोधून दिलं. उरलेल्या ३४ हजारांचे बँक बारा हप्ते करून देतेय, व्याज कार्डापेक्षा कमी. शनिवारी बाबांना घेऊन पुन्हा पोस्टात जातोय, त्यांचे पैसे सिनियर सिटिझन योजनेत ठेवायला.