घरचे ब्रॉडबँड बदलायचे आहे: पावसाआधी बदलावे की गणेश चवथीनंतर?

प्रश्न: अंगणवाली, माशेल परिसर

आमचे घर फोंडा तालुक्यात माशेलजवळच्या एका वाड्यावर आहे. घर जुने, चिऱ्यांचे, आणि रस्त्यापासून साधारण दीडशे मीटर आत. मधल्या जागेत शेजाऱ्यांचे भाट (माडांची बागायत) आणि आमचे लहानसे कुळागर (सुपारीची बाग) येते. गेली आठ वर्षे एकाच सेवादात्याकडून फोन आणि इंटरनेट एकाच जोडणीवर घेत आहोत. पहिली काही वर्षे तक्रारीला जागा नव्हती. गेल्या जूनपासून मात्र जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी मोडेमवर लाल दिवा लागतो. तक्रार नोंदवल्यावर माणूस यायला दोन-तीन दिवस जातात आणि गेल्या चवथीत तर सलग नऊ दिवस घरात इंटरनेट नव्हते. पुण्यातील एका कंपनीच्या हिशेबाचे काम मी घरूनच करते आणि मुलगा बारावीत आहे, त्यामुळे यंदा पुन्हा तोच अनुभव घेण्याची माझी तयारी नाही.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका कंपनीचा प्रतिनिधी वाड्यावर येऊन गेला. त्यांची फायबर, म्हणजे काचेची तार, देवळाच्या कमानीपर्यंत पोहोचली असून सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरल्यास जोडणी फुकट मिळेल, असे तो सांगतो. माझ्या शंका अशा की, जुनी जोडणी आधी बंद करावी की नवी सुरू झाल्यावर, आणि फोनचा नंबर नव्या कंपनीकडे नेता येतो का. बाबांचा जीव त्या नंबरात अडकला आहे, कारण सुपारीच्या व्यापाऱ्यांपासून देवस्थानच्या कार्यालयापर्यंत सगळ्यांकडे तोच नंबर आहे. शिवाय अंगणात लावलेला कॅमेरा माझा भाऊ दुबईहून पाहतो, तो नव्या जोडणीवर चालेल ना? आणि मुख्य म्हणजे, एवढा खटाटोप करून खरोखर फरक पडतो का?

उत्तर: कुळागरवाला, सावईवेरे

तुमचा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचेच उत्तर आधी देतो. फरक पडतो की नाही हे कंपनीच्या नावावर क्वचितच ठरते. तुमच्या घरापर्यंत येणारी तार कोणत्या वाटेने येते आणि ती तुटल्यावर शिडी घेऊन कोण येतो, यावर ते ठरते.

तीन वर्षांपूर्वी मीही असाच वैतागून सेवादाता बदलला. नवे मोडेम बसवायला जो मुलगा आला तो मला पाहून ओशाळून हसला, कारण जुन्या जोडणीची दुरुस्ती करायलाही तोच येत असे. गावागावांत शेवटच्या टप्प्याचे काम पुष्कळदा स्थानिक केबलवाल्याकडे कंत्राटाने दिलेले असते, हे मला तेव्हा कळले. त्याने नवी तारही जुन्या तारेच्याच खांबांवरून आणली होती. जुलैत एक माड आडवा झाला तेव्हा दोन्ही तारा एकाच झटक्यात खाली आल्या, आणि नव्या कंपनीच्या पावतीखेरीज माझ्या हाती काही वेगळे आले नव्हते.

म्हणून पैसे भरण्याआधी एक काम करा. फाटकापाशी उभे राहून सध्याची तार नजरेने धरत देवळाच्या कमानीपर्यंत चालत जा. वाटेत किती जोड आहेत ते मोजा. माझ्या तारेवर तीन जोड निघाले आणि त्यांतला एक काळी चिकटपट्टी गुंडाळून वरून दुधाच्या पिशवीने बांधलेला होता. त्या पिशवीत पाणी साचले होते, हे निराळे सांगायला नको. तार कुठे माडाला खिळ्याने अडकवलेली आहे का आणि कुठे चुडतांच्या माऱ्यात येते, तेही पाहून ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे वीज खात्याचे खांब. आपल्याकडे बहुतेक केबली त्या खांबांवरूनच ओढलेल्या असतात आणि परवानगीविना ओढलेल्या केबली खाते कापून टाकते. नव्या कंपनीच्या प्रतिनिधीला हे थेट विचारा. तो गडबडला, तर समजून घ्या. तार शेजाऱ्यांच्या भाटातून जाणार असेल तर भाटकाराची संमतीही आधीच घेऊन ठेवा. आमच्याकडे नारळ पाडणाऱ्या पाडेल्याने माडावर चढताना अडथळा होतो म्हणून तार कोयत्याने तोडली होती, आणि खरे सांगायचे तर चूक त्याची नव्हती.

उत्तर: निवृत्त तारतंत्री, फोंडा

वरील उत्तर योग्यच आहे. मी उभी हयात तांब्याच्या आणि नंतर काचेच्या तारांवर घालवली, म्हणून थोडी तांत्रिक भर घालतो.

मोडेमवरचा तो लाल दिवा म्हणजे तारेतून येणारा प्रकाश यंत्रापर्यंत पोहोचत नाही किंवा फारच क्षीण पोहोचतो याची खूण. हा प्रकाश मोजता येतो. तंत्रज्ञाकडे हातात मावेल एवढे पॉवर मीटर असते, ते तारेच्या टोकाला लावले की उणे चिन्हाने सुरू होणारा आकडा दिसतो. घरगुती फायबरसाठी उणे १८ ते उणे २३ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजण्याचे एकक) हा आकडा चांगला, उणे २५ पर्यंत चालून जाते, आणि उणे २७ च्या पलीकडे जोडणी केव्हा गळपटेल याचा नेम नाही. तीन डीबीची घट म्हणजे प्रकाश निम्मा होणे, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. उन्हाळ्यात उणे २६ वर कशीबशी चालणारी तार पहिल्या पावसात जोडात पाणी शिरताच बंद पडते. ग्राहकाला वाटते पावसाने तार बिघडली, पण ती मे महिन्यातच कडेलोटावर उभी असते.

तेव्हा नवी जोडणी घेण्याआधी जुन्या तारेचा आकडा मोजून घ्या. चिकटपट्टीचे किंवा दाबून बसवलेले जोड काढून स्प्लायसिंग मशीनवर (काचेची टोके वितळवून जोडणाऱ्या यंत्रावर) नीट जोड करून घेतल्यास आहे तीच तार सुधारते. हे काम तासाभराचे आहे. नवी जोडणी घेतलीत तरी बसवून झाल्यावर आकडा दाखवल्याशिवाय तंत्रज्ञाच्या कागदावर सही करू नका आणि तो आकडा तारखेसह लिहून ठेवा. मोडेमला जाणारी पिवळी बारीक दोर खिळ्याला गुंडाळलेली किंवा दारात चेपलेली नसावी. काचेला तीव्र वाक सोसत नाही, प्रकाश वळणावरच गळतो.

विजांविषयीही बोलतो, कारण मिरगाच्या आसपास ते प्रश्न हमखास येतात. तांब्याच्या तारेवरून वीज थेट मोडेममध्ये येत असे. काच वीज वाहत नाही, पण घरापर्यंतच्या तारेत आधारासाठी बहुधा पोलादी तार असते, ती घराबाहेरच कापून दूर ठेवायची असते. आता मोडेम जळतात ते बव्हंशी विजेच्या सॉकेटकडून येणाऱ्या दाबामुळे. गडगडाट सुरू झाला की प्लग काढावा, यापेक्षा चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मोडेमला जोडलात तर वीज गेल्यावरही काम खंडित होणार नाही.

चिऱ्यांच्या घराबद्दल एक सूचना आहे. दीड हात जाडीच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झची वायफाय लहर जवळजवळ पार होत नाही, २.४ ची थोडीफार होते. अशा घरात ओटीवर राउटर ठेवून माजघरात वेग का मिळत नाही म्हणून कंपनीला बोल लावणे व्यर्थ आहे. तुमच्या कामाच्या टेबलापर्यंत लॅन केबल ओढून घ्या. ती घेताना आठही तारांची असल्याची खात्री करा, कारण चारच तारा जोडलेल्या असल्या तर ३०० एमबीपीएसची योजना घेऊनही संगणकावर ९५ च्या वर आकडा सरकणार नाही.

मोबाइल मनोऱ्यावरून चालणारी एअर फायबर सेवा २०२३ पासून मिळू लागली आहे. तिला तार लागत नाही हे खरे, पण घराच्या छतावरून मनोऱ्याकडे मोकळी दिशा हवी. भोवती माडांची आणि पोफळींची दाटी असेल तर भिजलेली पाने लहरी शोषतात. तुमच्या वर्णनावरून ती पर्यायी सोय म्हणून ठीक वाटते, मुख्य आधार म्हणून मी सुचवणार नाही.

उत्तर: वहीखाते, पर्वरी

पैसे आणि कागद या बाजूने लिहितो.

आधी नंबराचे पाहू. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभरात २० जानेवारी २०११ पासून आहे, पण ती मोबाइलसाठी. ०८३२ ने सुरू होणारा घरचा नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. नव्या कंपनीचा प्रतिनिधी तसे आश्वासन देत असेल तर ते तोंडी आहे की लेखी, एवढेच विचारा. बाबांसाठी दोनच मार्ग उरतात: जुन्या जोडणीची सर्वांत स्वस्त योजना केवळ फोनपुरती चालू ठेवणे, किंवा दोन-तीन महिने दोन्ही नंबर चालवून सर्वांना नवा कळवणे.

सहा महिन्यांचे आगाऊ पैसे भरू नका. फुकट जोडणीचे आमिष त्यासाठीच असते. जोडणीचे हजारभर रुपये मागितले तरी ते देऊन महिनेवारी योजना घ्यावी, कारण जुलैत सेवा कोलमडली तर सोडून जाण्याची मोकळीक तीच देते. जाहिरातीतील दर बहुधा कराविना असतो. १८ टक्के जीएसटी धरता ७९९ रुपयांची योजना ९४२ रुपये ८२ पैशांना पडते. ‘अमर्याद’ म्हटलेल्या योजनांनाही महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते. तुमच्या घरात ती गाठली जाणार नाही, परंतु अटी वाचण्याची सवय बरी.

जुनी जोडणी नवी सुरू झाल्यावरच बंद करा, आणि तीही फोनवर सांगून नव्हे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, मोडेम परत करताना त्यावरील अनुक्रमांकाचे छायाचित्र काढा आणि परतीची पावती मागा. बँकेतून किंवा यूपीआयवरून आपोआप पैसे जाण्याची सूचना दिलेली असेल तर ती स्वतः रद्द करा. मी हे विसरलो आणि बंद केलेल्या जोडणीचे चार महिने पैसे जात राहिले. अनामत रक्कम होती का, तेही जुन्या पावत्यांत शोधा.

नऊ दिवस सेवा बंद होती त्याविषयी तुम्ही काही केलेले दिसत नाही. प्रत्येक तक्रारीचा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवावा. तक्रार केंद्राने दाद दिली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येते आणि त्यांनी ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ट्रायला (दूरसंचार नियामक प्राधिकरणाला) वैयक्तिक तक्रारीचे पत्र पाठवून उपयोग होत नाही, ते काम त्यांच्या कक्षेत नाही. ग्राहक आयोगाची वाट मात्र खुली आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगाकडे नेता येतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिलेला आहे.

उत्तर: खाडीपलीकडचा, सध्या मस्कत

कॅमेऱ्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण मीही परदेशातून घरचे अंगण पाहणाऱ्यांपैकी आहे. कॅमेरा कंपनीच्या ॲपमधून दिसत असेल तर जोडणी बदलल्यावर त्याला नव्या वायफायचे नाव आणि पासवर्ड द्या, एवढेच. नव्या राउटरला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवला तर तेही करावे लागत नाही. परंतु रेकॉर्डरला थेट आयपी पत्ता (जोडणीचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता) देऊन पाहण्याची व्यवस्था असेल तर ती बंद पडू शकते. अनेक सेवादाते आता शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात. राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता १०० ने सुरू होऊन पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर तुम्ही त्या सामायिक पत्त्यामागे आहात असे समजा. मग वेगळा स्थिर पत्ता मागावा लागतो आणि त्याचे पैसे निराळे पडतात.

अंगणवाली, माशेल परिसर

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी मुलाला घेऊन तारेच्या वाटेने चालत गेले. चार जोड सापडले. त्यांतला एक व्हाळावरच्या साकवाजवळ, जमिनीपासून हातभर उंचीवर लोंबत होता आणि त्याच्या डबीत मुंग्यांनी घर केले होते. तक्रार करून माणसाला बोलावले आणि मीटर लावायला सांगितले. आकडा उणे २८ आला. त्याने साकवाजवळचा जोड कापून नवा केल्यावर तो उणे २२ वर आला, आणि हे काम आधीच का झाले नाही या प्रश्नावर तो काही बोलला नाही.

नवी जोडणी तरीही घेत आहे, परंतु महिनेवारी योजनेवर आणि त्यांची तार देवळाच्या बाजूने, म्हणजे व्हाळ न ओलांडता येणार असल्याची खात्री झाल्यावर. प्रतिनिधीने आधी कुरकुर केली, मग महिनेवारीला कबूल झाला. जुनी जोडणी चवथ होईपर्यंत चालू राहील, त्यानंतर ती फोनपुरत्या स्वस्त योजनेवर नेण्याचा विचार आहे, त्यामुळे बाबांचा प्रश्न सध्या मिटला. कॅमेरा ॲपवरचाच आहे. बाबा सुपारीचा हिशेब जिथे पेन्सिलने लिहितात, त्याच भिंतीवर उणे २२ हा आकडा तारखेसह लिहिला आहे.

एक शंका उरते. भाटकार पणजीला असतात आणि त्यांनी फोनवर ‘घाला तार’ असे सांगितले आहे. एवढे पुरे का?

उत्तर: कुळागरवाला, सावईवेरे

पुरणार नाही. त्यांना त्याच संभाषणाचा उल्लेख करून दोन ओळींचा संदेश पाठवा, तार कोणत्या बाजूने जाणार ते लिहा आणि त्यावर त्यांचे ‘हो’ मिळवून ठेवा. आणि त्यांच्या पाडेल्याला तार कुठून गेली आहे ते प्रत्यक्ष उभे राहून दाखवा. माडावर तो चढतो, भाटकार चढत नाहीत.