मदत हवी आहे: घरालगतच्या सांदवाडीतली हळद अर्धी वाळली, अर्धी हिरवीच. काढू की थांबू?

नमस्कार मंडळी. समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. आमच्या भागातल्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि माझी गेल्या वर्षीची हळद चक्कीवाल्याने परत पाठवली. "वहिनी, हे गड्डे फुटत नाहीत, जातं खराब होईल" म्हणाला. (गड्डा म्हणजे मधला जाड कंद, हळकुंडं म्हणजे त्याला फुटलेली बोटं.)

सांदवाडीत दहा बाय वीस फुटांचा तुकडा आहे. मृगात बेणं लावलं, म्हणजे आता साडेआठ महिने झाले. विहिरीकडच्या बाजूची पानं पार वाळून आडवी पडलीत. मोरीचं पाणी जिथे जिरतं तिथली मात्र अजून हिरवीगार. सगळी एकदम काढू की वाळलेलीच काढू?

दुसरं, गेल्या वर्षी काय चुकलं ते सांगा. ३८ किलो ओली निघाली होती. जमीन काळी, फेब्रुवारीत दगडासारखी झालेली. सब्बल मारमारून काढली, निम्मी हळकुंडं तुटली. मग सगळं एकाच गंजात (मोठ्या पातेल्यात) घालून पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर, शिजवलं. सासूबाई तेव्हा नागपूरला होत्या, फोनवर म्हणाल्या, "वास बदलला का उतरव." कोणता वास ते विचारायचं राहिलं. हळकुंडांचा गिच्चा झाला, गड्डे आतून कच्चे. वाळल्यावर रंग मळकट.

या वर्षी चुकून चालणार नाही. अक्षय तृतीयेच्या सुमारास दिराचं लग्न आहे आणि नवरदेवाला घरचीच हळद लागेल असं सासूबाई गावभर सांगून बसल्यात. शेजारच्या काकू शिजवताना चुना टाक म्हणतात. टाकू का?

काळी_माती: ताई, गड्डे अन् हळकुंडं एका गंजात टाकले तर असंच होईन. गड्डा जाड, त्याले जास्त वेळ लागते. वेगवेगळे शिजवा. चुना-बिना काही नोको, साधं पाणी. माल बुडून वर दोन-तीन बोटं राह्यलं पाह्यजे. अन् पऱ्हाटी भडकन पेटते, भडकन विझते. तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) लावा नाहीतर बाभळीचं लाकूड, जाळ सारखा राह्यते.

वाळली तेवढीच काढा. पानं जमिनीपासून बोटभर ठेवून कापा, आठ दिवस जमीन तापू द्या. काढाच्या दोन दिवस आधी हलकं पाणी सोडा, भुई नरम होते. सब्बल नोको, कुदळीनं बाजूनं उचला. हिरव्या बाजूचं पाणी आजच तोडा.

परसबाग_वर्धा: घरापुरतीच असेल तर शिजवायची गरजच नाही. धुऊन पातळ चकत्या करा, सावलीत वाळवा, दळा. मी तसंच करते.

काळी_माती: खाले चालते. पण लग्नात हळकुंड बांधाले लागते ना, चकती कशी बांधान?

परसबाग_वर्धा: हो, ते खरं 😄 मग ताई, वासाचं सांगते. पाण्याला फेस येतो, पांढरी वाफ सुटते आणि कच्च्या मातकट वासाऐवजी शिजलेल्या हळदीचा वास येतो. साधारण पाऊण ते एक तास. पण वासावर विसंबू नका. एक हळकुंड काढून खराट्याची काडी टोचा, अलगद आरपार गेली की उतरवा. काडी अडली तर कच्चं, बोटाने दाबून लगदा झाला तर गेलं कामातून. काढल्यापासून दोन-तीन दिवसांत शिजवा, जास्त ठेवू नका. वाळवायला दहा ते पंधरा दिवस. रात्री गोळा करून झाकायचं, नाहीतर दवाने रंग जातो. तुमच्या मळकट रंगात त्याचाही हात असेल. मोडल्यावर खणकन वाजलं की वाळलं समजा. पाच किलो ओलीची एक किलो धरा, मग वजन पाहून घाबरणार नाही.

बेण्यासाठी चांगले टपोरे, न कुजलेले गड्डे आधीच बाजूला काढा. ते शिजवायच्या ढिगात गेले तर जूनमध्ये हात चोळत बसाल. सावलीत ढीग करून हळदीच्याच वाळल्या पानांनी झाका.

धागाकर्ती: दादा, ताई, आभार. तेरा दिवसांनी लिहितेय. वाळलेली बाजू काढली, १९ किलो भरली. पाणी सोडल्यामुळे कुदळ लोण्यात गेल्यासारखी गेली, तीनच हळकुंडं तुटली. दोन गड्डे मात्र दाबले तर पिचकले, आत घाण पाणी. कंदकूज असावी, ते दूर फेकले. बेण्याचे तीन किलो गड्डे पानांखाली ठेवलेत.

हळकुंडं पन्नास मिनिटांत झाली, गड्ड्यांना सव्वा तास लागला. सासूबाई चुलीपाशीच खुर्ची टाकून बसल्या होत्या. माझी काडी आरपार गेली आणि त्याच क्षणी त्या म्हणाल्या, "आला बघ वास." खरंच आला होता. भाजल्या कणसासारखा, थोडा कडवट.

सध्या माल स्लॅबवर आहे, रात्री जुन्या लुगड्याखाली. मोरीचं पाणी पपईकडे वळवलं, हिरवी बाजू आता पिवळी पडायला लागलीय. ती होळीनंतर काढेन.