‘माजी गुलाम’ म्हणावे की ‘गुलामीतून सुटलेले’? आफ्रिकी लेखकांच्या पुनर्मुद्रित ग्रंथांविषयी लिहिताना पडलेले शब्दप्रश्न

विचारणा

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १९६० नंतर पुन्हा छापल्या गेलेल्या काही पुस्तकांचा परिचय मी मराठीत लिहीत आहे. इग्नेशियस सँको यांची पत्रे (१७८२), माणसांच्या खरेदीविक्रीचा धिक्कार करणारा ओटोबा कुगोआनो यांचा ग्रंथ (१७८७) आणि ओलाउडा इक्विआनो यांचे आत्मचरित्र (१७८९) ही त्यांतील प्रमुख होत. तिघेही कधी काळी गुलामीत होते. इंग्रजीत अशा लेखकांविषयी लिहिताना ‘स्लेव्ह’ हे नाम आता पुष्कळ जण टाळतात आणि ‘एनस्लेव्ह्ड’ हे विशेषण वापरतात, कारण नामामुळे गुलामी हा त्या माणसाचा जात्याच असलेला गुण आहे असे भासते. मराठीत ‘माजी गुलाम’ हा पर्याय चटकन सुचतो, परंतु कानाला खटकतो. त्याऐवजी ‘दास’ शब्दाच्या आधाराने काही बनवावे काय, आणि या ग्रंथांच्या सर्व नव्या छपाईला ‘पुनर्मुद्रण’ हा एकच शब्द चालेल काय, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद

‘माजी गुलाम’ खटकण्याचे कारण उघड आहे. ‘माजी’ हा शब्द मराठीत बहुधा पदाला किंवा मानाच्या नात्याला लागतो: माजी मंत्री, माजी सरपंच, माजी विद्यार्थी. पद गेले तरी त्याची थोडी प्रतिष्ठा मागे उरते, म्हणून तर पत्रिकेवर ‘माजी’ छापतात. गुलामीला ते लावले की क्रूर विनोद होतो.

‘दास’ तर मुळीच घेऊ नये. नवविधा भक्तीत दास्य ही सातवी भक्ती आहे, संतांनी स्वतःला आनंदाने दास म्हणवून घेतले आहे, आणि जुन्या पत्रव्यवहारात ‘दासानुदास’ ही नम्रतेची सही होती. मराठी कानाला दास्य हे स्वेच्छेने पत्करलेले वाटते. कुगोआनो यांना आजच्या घानामधील फांटी लोकांच्या प्रदेशातून तेराव्या वर्षाच्या सुमारास पळवून नेण्यात आले आणि कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावर विकण्यात आले. तेथे भक्तीचा किंवा स्वेच्छेचा लवलेश नाही.

राहतो ‘गुलाम’. हा अरबी शब्द मुळात ‘मुलगा, पोरगा’ या अर्थाचा आहे. मराठीत तो पत्त्यांच्या डावात आहे आणि खोडकर पोराला लटक्या रागाने ‘लबाड गुलाम’ म्हणण्यातही आहे, तरीही माणसाची मालकी सांगायला दुसरा इतका सरळ शब्द आपल्याकडे नाही. शिवाय त्याला इतिहासाचा आधार आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले तेव्हा ते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची गुलामी संपवणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केले. म्हणजे अटलांटिकपलीकडच्या त्या व्यवस्थेसाठी हा शब्द मराठीत दीडशे वर्षे रुळलेला आहे. मात्र नाम म्हणून तो सुटा वापरण्यापेक्षा ‘गुलाम केलेली माणसे’ असे म्हणावे. मराठी कृदंत येथे फार उपयोगी पडते, कारण ‘केलेली’ म्हटले की करणारा कोणी तरी होता हे आपोआप येते.

प्रतिसाद

वरील मताशी मी सहमत आहे, परंतु ‘मुक्त झालेले’ किंवा ‘मुक्त केलेले’ हे शब्द सरसकट वापरण्याला माझा विरोध आहे. या लेखकांची सुटका एका पद्धतीने झालेली नाही. इक्विआनो यांनी मॉन्टसेराट बेटावरील व्यापारी रॉबर्ट किंग यांच्या मालकीत राबता राबता स्वतःचा किरकोळ व्यापार चालवला, पै पै साठवली आणि १७६६ मध्ये चाळीस पौंड मोजून आपली सुटका विकत घेतली. सँको ग्रीनिच येथील तीन बहिणींच्या घरातून निघून माँटेग्यू कुटुंबाच्या आश्रयाला गेले. कवयित्री फिलिस व्हीटली यांना १७६१ मध्ये बॉस्टनमध्ये विकत घेण्यात आले. ज्या जहाजातून त्यांना आणले त्याचेच नाव त्यांना चिकटवले गेले. १७७३ मध्ये लंडनमध्ये त्यांचा कवितासंग्रह निघाला, आणि त्यानंतर मालकांनी त्यांना मोकळे केले. तेव्हा व्हीटलींविषयी ‘मुक्त केलेल्या’ हे यथार्थ आहे, सँको ‘निसटले’, आणि इक्विआनो यांच्यासाठी मराठीत ‘स्वतःला सोडवून घेतलेले’ असा नेमका प्रयोग आहे. गहाण पडलेले शेत आपण सोडवून घेतो, तोच हा शब्द. पैसा कोणी भरला हे त्यात सांगावे लागत नाही. सर्वांचा एकत्र उल्लेख करायचा असेल तेथे ‘गुलामीतून सुटलेले’ पुरे, कारण ‘सुटणे’ या क्रियापदात श्रेय कोणाच्या पदरात टाकलेले नाही. ‘मुक्ती’ मात्र मोक्षाकडे झुकते, म्हणून ‘मुक्तता’ किंवा ‘सुटका’ बरी.

‘गुलामगिरीविरोधी’ या विशेषणाबाबतही सावध राहावे. १७८७ मध्ये लंडनमध्ये जी समिती स्थापन झाली तिने गुलामांचा व्यापार बंद करणे एवढेच उद्दिष्ट ठेवले होते. ब्रिटिश संसदेने हा व्यापार १८०७ मध्ये बंद केला. गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये झाला, १ ऑगस्ट १८३४ रोजी अमलात आला, आणि तेव्हाही दोन कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली, राबलेल्यांना नव्हे. इक्विआनो यांनी संसदेला उद्देशून केलेले आवाहन प्रामुख्याने व्यापाराविषयी आहे. कुगोआनो यांनी मात्र १७८७ मध्येच संपूर्ण गुलामगिरी रद्द करून सर्वांना मोकळे करावे आणि व्यापार रोखण्यासाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आरमारी जहाजे ठेवावीत अशी मागणी केली. त्यांच्या ग्रंथाला ‘गुलामगिरीविरोधी’ हे विशेषण पूर्ण शोभते; इतरत्र ‘गुलामांच्या व्यापाराविरोधी’ हे लांबलचक असले तरी खरे आहे.

प्रतिसाद

गुलामीतले आपले आयुष्य १८३१ मधील पुस्तकात सांगणाऱ्या मेरी प्रिन्स यांच्यासारख्या स्त्रियांसाठी पेशवाईतील कागदपत्रांत आढळणारे ‘कुणबीण’ किंवा ‘बटीक’ हे शब्द घेता येतील काय? त्या काळी कुणबिणींची खरेदीविक्री होत असे, आणि १८३३ चा कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाला लागू नसल्यामुळे आपल्याकडे त्यासाठी १८४३ चा कायदा यावा लागला.

प्रतिसाद

माझ्या मते घेऊ नयेत. कुणबीण म्हटले की वाडा, वाड्यातील घरकाम आणि सरकारी कोठी डोळ्यांपुढे येते. मेरी प्रिन्स यांनी टर्क्स बेटांवरील मिठागरांत गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभे राहून काम केले आणि त्याने पायांना फोड आले, असे त्यांच्या निवेदनात आहे. त्यांना ‘आफ्रिकी लेखिका’ म्हणण्यातही दोन अडचणी आहेत. त्यांचा जन्म बर्म्युडाचा, म्हणून ‘आफ्रिकी वंशाच्या’ म्हणावे; आणि १८३१ मधील पुस्तक त्यांनी सांगितले, सुझॅना स्ट्रिकलंड यांनी उतरून घेतले व टॉमस प्रिंगल यांनी संपादित केले, म्हणून ‘लेखन’ ऐवजी ‘कथन’ म्हणावे. उलट इक्विआनो यांनी मुखपृष्ठावर ‘स्वतः लिहिलेले’ असे मुद्दाम छापले होते. स्वतःला ‘आफ्रिकी’ असेही त्यांनी तेथेच म्हणवले आहे. १७५९ च्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्मस्थान कॅरोलिना असल्यामुळे अभ्यासकांत वाद आहे, पण त्यांनी निवडलेले विशेषण बदलण्याचा अधिकार त्या वादातून आपल्याला मिळत नाही.

आता मूळ विचारणेतील ‘पुनर्मुद्रण’. तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतील. इक्विआनो यांच्या हयातीत १७८९ ते १७९४ या काळात पुस्तक नऊ वेळा निघाले. हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवले होते, आगाऊ वर्गणीदार जमवले होते आणि मजकुरात ते भर घालत गेले, म्हणून त्या ‘आवृत्त्या’ होत. अभ्यासक पॉल एडवर्ड्स यांनी १९६८ मध्ये सँको यांची पत्रे आणि १९६९ मध्ये कुगोआनो व इक्विआनो यांचे ग्रंथ जुन्या पानांच्या प्रतिकृतीसह पुन्हा छापून घेतले. हे खरे ‘पुनर्मुद्रण’, आणि अधिक नेमके हवे असल्यास ‘प्रतिकृती-मुद्रण’. त्यांनीच १९६७ मध्ये काढलेले इक्विआनो यांचे पुस्तक मात्र ‘संक्षेप’ होता. अभ्यासक व्हिन्सेंट कॅरेटा यांनी १९९५ मध्ये नवव्या आवृत्तीचा पाठ आधारास घेऊन पाठभेद व टिपांसह जे सिद्ध केले त्याला ‘चिकित्सित आवृत्ती’ म्हणावे; भांडारकर संस्थेच्या महाभारतामुळे हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. हा भेद केवळ ग्रंथपालांच्या कामाचा नाही. पहिल्या आवृत्तीतून आणि नवव्या आवृत्तीतून घेतलेले उतारे एकाच नावाखाली दिले, तर लेखकाने पाच वर्षांत काय वाढवले हे वाचकाला कळतच नाही.

विचारणा करणाऱ्याचे उत्तर

आभारी आहे. परिचयात माझ्या वाक्यांत ‘गुलाम केलेले’ आणि ‘गुलामीतून सुटलेले’ वापरीन. परंतु लेखकांचे उतारे भाषांतरित करताना त्यांनी स्वतः जेथे साधे नाम वापरले आहे तेथे ‘गुलाम’ असेच ठेवीन. ते त्यांनी रागाने आणि जाणून लिहिले आहे, त्यावर आजचा शिष्टाचार चढवणे बरे नाही. एक प्रश्न उरतो. इक्विआनो यांच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत आणि दुसरे, गुस्तावस वासा, हे त्यांना विकत घेणाऱ्या पास्कल नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने मारहाण करून लादलेले आहे. मध्ये ‘ऊर्फ’ घालावे काय?

प्रतिसाद

‘ऊर्फ’ने दुसरे नाव टोपणनावासारखे वाटेल, आणि येथे तर उलटे आहे. बाप्तिस्मा आणि विवाह या दोन्हींच्या नोंदी वासा याच नावाने आहेत. मुखपृष्ठाचे भाषांतर करताना ‘अथवा’ लिहावे आणि लादलेल्या नावाची हकिकत टिपेत द्यावी.